हार घातलेली आत्या

भिंतीवरच्या आपल्याच तसबिरीला घातलेला हार ताजा आहे की शिळा, हे रोज संध्याकाळी टीव्हीसमोर बसून तपासणारी बाई अख्ख्या बंगळुरात एकच असेल, आणि ती माझी सख्खी आत्या आहे. तब्येतीने ती ठणठणीत आहे. मेली आहे ती फक्त मालिकेत, आणि तेही मनाविरुद्ध.

आमचं घराणं इथलं जुनं. कापडाचं दुकान, देवळातली भजनं आणि कन्नड मिसळलेलं मराठी, एवढीच आमची मिरास. त्यात सिनेमानटी निपजेल असं कुणाच्याच पत्रिकेत नव्हतं. आत्याने मात्र कन्नड चित्रपटांत नायकाची बहीण, मग वहिनी आणि नायक वयाने तिच्याहून मोठा असतानाच त्याची आई, अशी झपाट्याने बढती मिळवली. एका चित्रपटात मुक्या बाईचं काम करून तिने मोठा पुरस्कारही पटकावला. तो चित्रपट फारसा कुणी पाहिला नाही, पण त्यात न बोललेली सगळी वाक्यं ती तेव्हापासून आम्हाला ऐकवत आली आहे. पुरस्काराची मूर्ती दिवाणखान्यात आहे, पण ती नुसती बघून भागत नाही. "उचलून बघा, पोकळ नाही!" असा आग्रह होतो, आणि गॅसवाल्यालासुद्धा खांद्यावरचा सिलिंडर उतरवून लगेच मूर्ती उचलावी लागते.

पुढे टीव्हीवर तिला खाष्ट सासूचं काम मिळालं. घराघरांतून शिव्या मिळू लागल्या आणि आत्या कृतकृत्य झाली. एकदा महादेवपुऱ्याच्या चौकात मी सिग्नल तोडला म्हणून हवालदाराने गाडी अडवली. आत आत्या दिसताच तो दंड विसरला आणि हात जोडून कन्नडमध्ये म्हणाला, "अक्का, त्या सुनेला नका हो छळू. गुणी मुलगी आहे." दुसरं कुणी 'बरं' म्हणून सुटलं असतं. आत्याने काच आणखी खाली केली. "गुणी? ऊन डोक्यावर आल्यावर उठते ती! स्वल्प दिवस तुमच्या घरी नेऊन बघा, मग बोला!" मागे भोंग्यांचा कल्लोळ उठला, तेव्हा हवालदारच "सरी अक्का, सरी", म्हणजे बरं बरं, म्हणत बाजूला झाला.

सून झालेली मुलगी हुबळीहून आलेली, अगदी नवखी. आत्या तिला कॅमेऱ्यासमोर छळायची ती कामाचा भाग म्हणून, आणि कॅमेरा बंद झाल्यावर हौसेने. तिच्या हातातली ग्लिसरीनची बाटली काढून घ्यायची आणि म्हणायची, "रडू पोटातून यायला पाहिजे, बाटलीतून नाही." मग पोरगी मेकअपच्या खोलीत जाऊन खरोखरच पोटातून रडायची, पण तिथे कॅमेरा नसायचा.

अशात मालिकेचे प्रेक्षक घटले, नवा लेखक आला आणि त्याने सासूला जिन्यावरून घसरवून मारायचं ठरवलं. आत्या कडाडली, "जिने अर्धं घर त्या जिन्यावरून ढकललं, ती स्वतः घसरेल होय?" बऱ्याच वाटाघाटींनंतर तिला हृदयविकाराचा झटका आणि मरणापूर्वीचं लांबलचक भाषण मंजूर झालं. पडद्यावर आला तो फक्त झटका. दुसऱ्या दिवसापासून मालिकेतल्या दिवाणखान्यात तिची तसबीर लागली, आणि ती कुठली? पोशाखाच्या चाचणीत कुणीतरी घाईने काढलेली, एक डोळा अर्धवट मिटलेली. "मेल्यावरही डुलकी काढतेय असं वाटतंय रे!" ती रोज म्हणायची. भाजीवाल्याने हळहळून जास्तीची कोथिंबीर दिली, तीही तिला गोड लागेना. दुसऱ्या कामासाठी मात्र कुणाचा फोन येत नव्हता.

एका रविवारी ती स्वतःचा झकास हसरा फोटो चौकट करून, टॉवेलात गुंडाळून माझ्या दारात उभी राहिली. "गाडी काढ. तो फोटो बदलल्याशिवाय मी परत येणार नाही."

चित्रीकरणाचा बंगला देवनहळ्ळीच्या पलीकडे, द्राक्षमळे जाऊन प्लॉट पडले आहेत तिथे. वाटभर आत्या भांडणाची तालीम करत होती. फाटकावरचा वॉचमन तिला पाहून "अम्मा, तुम्ही अजून..." एवढं बोलून थांबला.

आत शॉटची तयारी चालली होती. आम्ही दिव्यांच्या मागे उभे राहिलो. सून एकटीच तसबिरीपाशी आली. पदराने तिने काच पुसली, हात जोडले आणि काहीतरी पुटपुटली. शेजारचा सहायक दिग्दर्शक कुजबुजला, "रोज करते. म्हणते, अम्मांनी त्या एका डोळ्याने बघितलं की रडू येतं." कॅमेरा सुरू झाला आणि पोरगी अशी रडली की शॉट संपल्यावरही क्षणभर कुणी हललं नाही.

मग तिला आत्या दिसली. धावत येऊन ती पाया पडली. "अम्मा, बरोबर झालं?"

आत्याने तिचा पदर नीट केला. "स्वल्प घाई केलीस. डोळे भरले की थांबायचं, मग बोलायचं." तेवढंच बोलून ती गाडीकडे वळली.

परतताना टॉवेलातला फोटो तिच्या मांडीवर तसाच होता. "दिला नाहीस?" मी विचारलं.

"ह्यात मी हसतेय रे. हसणाऱ्या बाईला बघून कोण रडेल? राहू दे तोच. पोरीला कामाला लागतो."

प्लॉट मागे पडले तेव्हा ती म्हणाली, "मी तिथे होते तेव्हा इतकं चांगलं कधी रडली नाही ती." हसत म्हणाली खरी, पण शहराच्या वेशीवरचं हेब्बाळ येईपर्यंत खिडकीबाहेरच बघत राहिली.