हेरोदाच्या शिपायाचा गरुड

विरार स्टेशनाहून एस.टी.ने मी ज्या गावी उतरलो, त्याचं नाव लिहिणार नाही. का, ते पुढे कळेल. आणीबाणी नुकतीच उठली होती. अनोळखी माणसाकडे लोक जपूनच बघत, आणि मी तर पुण्याहून अमेरिकन पलटणींच्या टोप्यांवरचे जुने बिल्ले शोधत आलेलो! असा एक बिल्ला इथल्या ख्रिस्ती घरात असल्याचं एका संग्राहक मित्राने सांगितलं होतं. "बहुधा नकली असेल," असंही.

केळीच्या वाडीतून (बागेतून) वाट काढत घर गाठलं. ओट्यावर बसलेल्या इनासकाकांना काम सांगितलं. ते बायकोशी, सेसिलबाईंशी, घरच्या बोलीत बोलू लागले. मला एकच शब्द कळला: चोर.

"पिशवीत काय आहे?" काकांनी विचारलं.

भिंग, लोहचुंबक आणि धातू तपासायची बारीक कानस निघाली. कानस बघून दोघांचे चेहरे बदलले. असाच एक गोडबोल्या पाहुणा येऊन गेल्यावर गावातला पितळी क्रूस नाहीसा झाला होता. मी पुष्कळ समजावलं, तेव्हा कुठे सेसिलबाईंनी टोपी आणली, सोबत सुकेळी (उन्हात वाळवलेली केळी).

"खा. पण हात पुसून टोपीला लावा."

पुठ्ठ्याच्या टोपीवर काळ्या चामड्याचं फूल, मधे पितळी गरुड. अमेरिका नवी होती तेव्हा टोपीवरच्या फुलावरून माणसाचा पक्ष कळे. काळं फूल सरकारपक्षाचं. फ्रान्सच्या क्रांतीचे चाहते लाल-पांढरं-निळं लावत. त्यावरून रस्त्यात मारामाऱ्या होत. पण या फुलाला बुटाच्या पॉलिशचा वास येत होता. माझा संशय बळावला.

"चामडं नवं दिसतंय."

"नवं कसलं? यांच्या आजोबांनी बोटीवरून आणलेलं. नाताळच्या नाटकात हेरोद राजाचा शिपाई ही टोपी घालतो. दरवर्षी मीच पॉलिश करते."

राजाशी लढून उभ्या राहिलेल्या देशाचा गरुड, बाळ येशूला मारायला शिपाई धाडणाऱ्या हेरोदाच्या चाकरीत! मला हसू आलं. काका हसले नाहीत.

बिल्ला उलटा केला. हाताने वळवलेली तार, झिजून गुळगुळीत झालेल्या कडा.

"अस्सल आहे," मी म्हणालो.

काकांनी उठून दार लोटलं. "म्हणजे आता तुमच्यामागून दुसरे येणार."

"कुणी विचारलं तर खोटा आहे म्हणा," सेसिलबाई म्हणाल्या. "म्हणाल ना?"

विकत मागायचं मनात घोळवलेलं वाक्य मी गिळलं. "म्हणेन."

पुण्यात मित्राला सांगितलं, "नकली निघाला." तो म्हणाला, "कुठे लपवलायस?" त्यानंतर आमचं बोलणं तुटलं.

इतक्या वर्षांनी परवा तो वारला, मला चोर समजूनच. खरं सांगितलं असतं तर तो दुसऱ्याच दिवशी विरारला निघाला असता, अशी माझी खात्री आहे. निदान तशी मी स्वतःची समजूत घालतो.