वायर काढलेला रिमोट

"भाऊ, डबा आज पुन्हा पडला," म्हणत मनोहरने व्हिडिओ गेम माझ्या टेबलावर ठेवला.

गोंडपिपरीत केबल नुकती आली होती, तेव्हाची गोष्ट. माझं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. मनोहर जत्रांमध्ये टीव्ही मांडून लोकांना गेम खेळायला द्यायचा. रोग एकच होता. पडद्यावरचा माणूस उडी मारतो तेव्हा आमच्याकडचा खेळणाराही रिमोटसकट उडी मारतो. रिमोटला डब्याशी जोडणारी वायर ओढली जाते आणि डबा खाली येतो.

"एक डबा तर फुटलाच. आता हाही गेला तर बाप म्हणते, तलावावर चाल, जाळं धर. अन् मार्कंड्याची जत्रा तोंडावर आली न!"

"वायरच काढून टाकू," मी म्हणालो.

"मंग चालन कसा?"

बोलून तर बसलो, आता करून दाखवणं आलं. रिमोटवर चालणारी खेळण्यातली गाडी आणली. तिला चार हुकूम कळतात: पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे. गेमलाही चारच बटणं लागत होती. तिच्या रिमोटमधलं रेडिओ लहरी सोडणारं सर्किट गेमच्या रिमोटमध्ये कोंबलं, गाडीतलं लहरी पकडणारं डब्यात. गाडीच्या मोटरींच्या जागी रिले लावले. रिले म्हणजे विजेने दबणारं बटण. पहिल्यांदा डावं दाबलं तर माणूस उजवीकडे पळाला. तारा उलट जोडल्या होत्या, त्या बदलल्या.

मनोहरने दुकानातच उड्या मारून पाहिल्या. डबा जागचा हलला नाही. मला माझंच भारी कौतुक वाटलं.

जत्रेत मुद्दाम बघायला गेलो. टीव्हीपुढे गर्दी, पण गेम बंद आणि मनोहर रडकुंडीला आलेला.

"रिमोट गेला भाऊ! एकाले बायकोनं हाक मारली, तो उठला अन् तसाच चालला गेला!"

तो भला माणूस दर्शनाच्या रांगेत सापडला. हातात रिमोट होता, हे त्याच्या लक्षातच नव्हतं.

मनोहरचे वडील बाजूला उभे राहून सगळं बघत होते. पोराला घरी न्यायलाच ते आले होते. त्यांनी पिशवीतून जाळ्याची दोरी काढली, रिमोटला पक्की गाठ मारली आणि दुसरं टोक मंडपाच्या बांबूला बांधलं.

"आता मारू दे उड्या. बांबू काई पडत नाई," म्हणाले, आणि तिथेच बसले.

वायर हुकूम पोचवत होती, तशीच माणसालाही धरून ठेवत होती. मी तिचं एकच काम पाहिलं होतं. तेव्हापासून कुठलाही पार्ट काढण्याआधी तो आणखी काय करतो, ते आधी बघतो.

मनोहर तलावावर गेला नाही. पुढच्या जत्रेला त्याचे वडीलच दोरी घेऊन त्याच्याबरोबर निघाले.