ब्लँक घेतला का?

"ब्लँक घेतला का?" चाकणच्या आमच्या औषध कंपनीत मॅडमचा दिवस याच प्रश्नानं सुरू व्हायचा. ब्लँक म्हणजे सगळी कृती तशीच करायची, फक्त वनस्पती घालायची नाही. तरीही मशीननं काही दाखवलं, तर ते वनस्पतीतलं नव्हे.

कँटीनमध्येही सुटका नव्हती. स्टोअरचे भाऊ एकदा म्हणाले, "आपल्या सिरपनं पोराचा खोकला आठवड्यात गेला." मॅडम भात कालवत म्हणाल्या, "न देता किती दिवसांत जातो, ते बगितलं का?" अशा माणसाला कंपनीत कोण वर चढवणार, तुम्हीच सांगा.

मॅडम बीडकडच्या. जुलाबावर देतात त्या कडूजहर कुड्याच्या सालीतून एकेक द्रव्य वेगळं करण्यात त्यांनी वर्षं घातली. साल द्रावकात भिजवून काढलेला अर्क काचेच्या नळीतून थेंबाथेंबानं उतरायचा. मी अर्क तपासायच्या मशीनवर असायचो. "कामून घाई करायलास?" हे रोज ऐकायचो.

आणि एकदा आलेखावर भलतंच टोक उगवलं. मशीनच्या यादीत नसलेलं द्रव्य! नवं ठरलं तर नाव ठेवायचा मान मॅडमचा. नाव त्यांनी ठरवलंही होतं, पण विचारलं की लाजायच्या.

साहेबांनी पाहुणे बोलावले, केक मागवला. त्याच सकाळी मॅडमना कोपऱ्यात निळा प्लास्टिकचा ड्रम दिसला. त्यांचा ब्लँक काचेच्या बाटलीतल्या द्रावकाचा होता, आणि अर्कासाठी स्टोअरनं मध्येच स्वस्तातला ड्रम आणला होता. ड्रममधलं द्रावक घेऊन त्यांनी पुन्हा ब्लँक चालवला. त्यात सालीचा कणही नव्हता, तरी टोक तिथंच.

"आज राहू द्या मॅडम. कळतंय कुणाला?" साहेब कुजबुजले.

"मला कळलंय ना," म्हणाल्या, आणि पाहुण्यांसमोर सगळं सांगून टाकलं.

महिनाअखेरीला त्यांना घरी बसवलं. निरोपाचा चहासुद्धा नाही. मी बसस्टॉपपर्यंत गेलो. विचारलं, "नाव काय ठेवणार होतात?"

"ड्रमाला कसलं नाव ठेवायचं, बाळा?" त्या हसल्या. डोळे भरले होते. आकुर्डीची बस आली आणि त्या गेल्या.

द्रव्य मात्र साहेबांनी सोडलं नाही. औषधाच्या खोक्यावर 'कुड्यातील नवा घटक' असं छापलंय. त्याला नावही आहे, साहेबांच्या नातीचं. त्या नावाची मला अजून चीड येते.

मागच्या आठवड्यात आईनं दुकानातून त्याच औषधाची बाटली आणली. "तुज्या कंपनीचं हाय. दोन दिसांत जुलाब थांबलं बग. नाव बी किती ग्वाड ठिवलंय."

मॅडमचा प्रश्न माझ्या जिभेवर आला होता. आईचं समाधानी तोंड बघून गिळून टाकला. तो गिळण्यापेक्षा कुडा बरा.