ड्युटीवर झोपलेली पेटी

जेवून दुपारी घटकाभर आडवं झालेल्या माणसाला तुम्ही मेलेला समजून खांदा देता का हो? नाही ना? मग एका पेटीच्या बाबतीत शहाणी म्हणवणारी माणसं एवढी का बिथरली, ते तुम्हीच सांगा.

पेटी रत्नाबाई मगदुमांची. कुरुंदवाडच्या अलीकडं, नदीकाठच्या खालच्या गल्लीत त्या राहतात. शिक्षण सातवी. पण स्टँडसमोरच्या पत्र्याच्या खोक्यात बसून पंचवीस वर्षं त्यांनी मिक्सर, पंखे आणि पंपाचे स्टार्टर उघडले, आणि उघडता उघडता शिकल्या. पुढं मोबाईलवर बघून नखाएवढ्या चिपला काम सांगायलाही शिकल्या. मागच्या पुरात गल्लीतली जनावरं दावणीलाच बुडाली होती. पाणी आलं हे कळलं तेव्हा ते गुडघ्याला लागलं होतं. ते हंबरणं बाईंच्या कानातून गेलं नाही.

म्हणून त्यांनी पुलाच्या खांबावर पेटी ठोकली. आत चिप, मोबाईलचं सिम, बॅटरी, भोंगा; समितीच्या सगळ्यांचे नंबर चिपमध्ये भरलेले. खाली वायरीला एक तरंगता डबा. पाणी चढलं की डबा उचलणार, चिपला जाग येणार, भोंगा बोंबलणार. तोवर चिप गाढ झोपणार. झोपेत ती खाते किती? चिमणीच्या चोचीएवढं. एका बॅटरीवर अख्खा पावसाळा निघावा.

पूरदक्षता समितीचे अध्यक्ष विजयसिंह तपासणीला आले ते नेमके कातरवेळी. रत्नाबाई जैन धर्माच्या, दिवस मावळायच्या आत जेवणाऱ्या. वाढलेलं ताट झाकून त्या पुलावर गेल्या. अध्यक्षांनी झाकण उघडलं.

“रत्नाक्का, एक दिवा पेटंना. बंद हाय की हे.”

“बंद न्हाय, झोपलंय.”

“पूर तोंडावर आलाय आन् हे ड्युटीवर झोपलंय?”

“पाणी शिवलं की उठतंय. इस्वास नसंल तर बटण दाबा, आत्ता उठंल.”

अध्यक्षांनी बटण दाबलं. त्यांच्या मोबाईलवर संदेश आला, ‘मी जागी आहे. पाणी खाली आहे.’ आणि पेटी पुन्हा झोपली.

“बघा, बघा! माझ्या तोंडावर झोपलं!”

तिसऱ्या दिवशी खांबाला नोटीस चिकटली. पेटीनं सात दिवसांत समक्ष हजर राहून खुलासा करावा! रत्नाबाईंनी ती सोलून काढली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर खुलासा लिहिला: ‘ही झोपती म्हणून टिकती. तुमी जागं ऱ्हाऊन काय केलं ते कळवा.’

समिती चिडली. ठराव झाला, पेटीला झोपू द्यायचं नाही. समितीच्या शिपायाला, बाळासोला, खुर्ची देऊन पुलावर बसवलं. काम एकच, दर पाच मिनिटांनी बटण दाबायचं. सतरा सदस्यांच्या मोबाईलवर दिवसभर ‘मी जागी आहे’ येऊ लागलं. सदस्य खूश. कुणी उलट गुलाबाचं फूल धाडलं, कुणी ‘शुभ सकाळ’, एकानं तर जेवण झालं का विचारलं. तिसऱ्या दिवशी दुपारी पेटी गप्प झाली.

“आक्का, मी कसूर केली न्हाय,” बाळासो म्हणाला. “पेटी मेल्यावरबी तासभर दाबत हुतो.”

“गप, मुडद्या! खाऊन संपीवलीस की रं बॅटरी!”

अध्यक्षांनी निकाल दिला, यंत्र बोगस. रविवारी खांबावरनं उतरवा. तिकडं घाटात पाऊस कोसळत होता, नदी रोज हातभर चढत होती. रविवारी पेटी उतरली असती तर गल्ली पुन्हा आंधळी झाली असती.

रत्नाबाईंची तळपायाची आग मस्तकाला गेली. त्यांनी पेटीत नवी बॅटरी घातली. मग मोडक्या खेळण्यातला लुकलुकणारा, पीं-पीं वाजणारा लाल दिवा काढला, त्याला त्याचा वेगळा सेल जोडला आणि तो झाकणावर डकवला. बटणाची वायर चिपवरनं तोडून त्या दिव्याला जोडली. दाबलं की दिवा ‘पीं’ करणार. बास. आत चिपला त्याचा पत्ताही नाही.

“आता झोपत न्हाय न्हवं?” अध्यक्षांनी विचारलं.

“दिवा बघा की.”

“आन् संदेश का येत न्हाईत?”

“जागा माणूस कधी ‘मी जागा हाय’ म्हणून सांगत फिरतोय व्हय?”

पटलं! इतकं पटलं, की रविवारी उतरवायच्या ऐवजी दुपारी तीनला पेटीचा सत्कार ठरला. पेटीला शाल, खांबाला हार, पुलावर माईक. “या दिव्याकडनं तरुणांनी जागं ऱ्हायला शिकावं,” असं अध्यक्ष म्हणतात तोच खालचा डबा उचलला आणि भोंगा बोंबलला.

“बंद करा ते! भाषण चालू हाय!”

रत्नाबाई चपला हातात घेऊन गल्लीकडं पळाल्या. बाळासोनं खुर्ची सोडली आणि मागं धावला. दारोदार बोंब मारत त्यांनी दावी सोडली. एकेचाळीस म्हशी-गाई माळावरच्या शाळेच्या मैदानात गेल्या. गल्लीत पाणी शिरलं तेव्हा तिथं नुसते खुंटे होते. पुलावर मात्र आभारप्रदर्शन बाकी होतं.

समितीच्या अहवालात लिहिलं, ‘लाल दिव्याच्या जागरूकतेमुळे जनावरे वाचली.’ आणि नऊ गावांसाठी दिवे मागवले. नुसते दिवे.

तेव्हा पावणं, तुमच्या गावच्या पुलावर असा दिवा लुकलुकताना दिसला, तर हार घालू नका. झाकण उघडा. आत चिप झोपलेली असेल तर गुमान झाकण लावा, निघून जा. आणि आत काहीच नसेल, तर अध्यक्षाला तिथंच धरून ठेवा आणि रत्नाबाईंना बोलावून घ्या.