फोटोत गाडी एकटीच हवी

"हिला इंग्रजी येतं म्हनं. पर तोंड उघडंल तवा खरं," काकू भाकरी थापता थापता शेजारणीला सांगत होती.

मी मागच्या दारात फोन कानाला लावून उभी होते. पलीकडे विमा कंपनीचं संगीत चालू होतं, त्यामुळे काकूला वाटत होतं की मला काही ऐकू येत नाही.

"एवढं शिकली आन् गपच?" शेजारीण म्हणाली.

"बोलती की. फोनवर लई बोलती. समोर मानूस नसलं की झालं."

यात काही खोटं नव्हतं. बीडच्या इंग्लिश मीडियमच्या शाळेत मराठी बोललं की दंड व्हायचा आणि इंग्रजी चुकलं की वर्ग हसायचा. दोन्हींपेक्षा गप्प बसणं स्वस्त पडायचं. ती सवय मी दप्तरासकट घरी आणली आणि दप्तर गेल्यावरही ठेवली.

पण त्या आठ दिवसांत मला बोलावंच लागत होतं, कारण काकांनी गाडी आणली होती.

काका एके काळी गावचे सरपंच होते. त्यांच्यासमोर 'माजी' हा शब्द कुणी वापरत नाही. पुण्याच्या कुणा ओळखीच्याकडून त्यांनी जुनी, पण थेट परदेशातून जहाजानं आलेली निळी गाडी घेतली. तिला दारं दोनच होती. मागं बसायचं तर पुढचं सीट वाकवून, कोकरू कुंपणातून शिरतं तसं शिरावं लागे. काकांबरोबर नेहमी चार माणसं असतात. ती चारही माणसं एकेकदा शिरून बाहेर आली आणि गाडी झकास आहे म्हणाली.

गाडी आली तेव्हा तिच्या विम्याची मुदत संपत आली होती. तशी सूचना देणारे मेसेज काकांच्या फोनवर येत होते, पण ते इंग्रजीत असल्यामुळे काकांनी जाहिराती समजून पुसून टाकले. मुदत संपल्याचं पप्पांना कळलं. पप्पा काकांचे थोरले भाऊ. ते एवढंच म्हणाले, "विमा निघेपर्यंत गाडी फाटकाबाहेर जाणार नाही." तेव्हापासून ती शेळ्यांच्या शेडमध्ये उभी होती.

अडचण अशी, की गाडी नारायणगडाला नेऊन पूजा करणार हे काकांनी आधीच गावभर सांगितलं होतं. आता रोज पारावर कुणीतरी विचारायचं, "सरपंच, गाडी गडावर कवा?"

"मुहूर्त बघतोय," काका म्हणायचे.

पुण्यातल्या परदेशी गाड्यांच्या शोरूमनं विम्याचा आकडा सांगितला तेव्हा फोन स्पीकरवर होता. काका म्हणाले, "परत सांगा." परत तोच आकडा आला. काकांनी फोन खाटेवर उलटा ठेवला. "एवढ्यात तर त्यो जहाज बी देईल," ते म्हणाले.

केजचा एक एजंट घरी येऊन गेला. त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली. "ट्रॅक्टर असता तर चहा व्हायच्या आत पॉलिसी दिली असती. हिचा आरसा फुटला तर कुठून आणायचा, ते सांगा आधी." काकांनी त्याला चहा दिला, पण बिस्किटं आत राहिली.

मग ते काम माझ्याकडे आलं. रोज मी मागच्या दारात उभी राहून कंपन्यांना फोन लावायचे. परदेशी गाडी म्हटलं की निम्मे फोन तिथंच संपायचे. उरलेल्यांकडून हळूहळू कळलं, की नुकसानातला पहिला मोठा वाटा आपण सोसायची तयारी दाखवली तर हप्ता उतरतो. आणि जुन्या गाडीवर कधी भरपाई मागितली नसेल, तर त्याची सवलत मालकाला नव्या गाडीवर मिळते.

"तुमच्या काकांनी आधीच्या जीपवर एकदाही क्लेम केला नाही?" फोनवरच्या बाईंनी विचारलं.

"एकदाही नाही."

का, ते मी सांगितलं नाही. जीप कुठंही आपटली की काका ती परस्पर नेकनूरच्या वेल्डरकडे ठोकून आणायचे आणि घरी म्हणायचे, कुठं काय झालंय? इतक्या वर्षांच्या त्या न सांगण्याला आता भरघोस सूट मिळत होती. हप्ता अशा ठिकाणी आला की काका ऐकून काहीच बोलले नाहीत. आमच्या घरात याला होकार म्हणतात.

राहिले होते ते फोटो. मुदत संपलेली असल्यामुळे गाडीचे चारही बाजूंनी फोटो हवे होते. कंपनीच्या एजंटनं मला लिंक पाठवली. फोटो पाचच्या आत गेले पाहिजेत, नाहीतर सगळं पहिल्यापासून, असं त्यानं बजावलं.

चार वाजता गाडी शेडमधून ढकलत अंगणात आणली. काका इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले. मागोमाग चारही माणसं आली. मी फोन वर धरला तेव्हा पाचही जण गाडीला टेकून उभे होते, हाताची घडी घालून. मी फोटो काढला आणि पाठवला.

दोन मिनिटांत एजंटचा फोन. "ताई, विमा गाडीचा काढायचाय, ग्रामपंचायतीचा नाही. फोटोत गाडी एकटीच हवी."

मी ते हळू आवाजात सांगितलं. माणसं थोडी पांगली. समोरचा फोटो झाला, उजव्या बाजूचा झाला. मी मागे गेले, तर पाचही जण पुन्हा डाव्या कोपऱ्याशी जमलेले.

"काका, जरा..."

"बोल की. इंग्रजीत बोल हवं तर," काका म्हणाले. सगळे हसले. मीही हसले, कारण तेही गप्प बसण्यासारखंच असतं.

मी चार पावलं डावीकडे सरकले, तर तेही सरकले. उजवीकडे गेले, तर एक जण खाली बसून चपलेचा पट्टा बघू लागला. त्याच्या खांद्यावरून मला मागच्या पत्र्यावरचा पोचा दिसला. ताटलीएवढा होता.

मग बाकीचंही दिसलं. जनावरांच्या हौदाच्या कडेवर काकू आठ दिवस तीच गोधडी वाळत घालत होती. वाऱ्यानं तिचं एक टोक उचललं, तर खाली सिमेंटवर निळा ओरखडा होता. काकांनी गाडी मागे घेताना हौदाला ठोकली होती. हे काकूला माहीत होतं, चारही माणसांना माहीत होतं, आणि सगळे एकमेकांपासून ते मन लावून लपवत होते.

मी एजंटला मेसेज केला, "जुना पोचा असला तर?" लगेच उत्तर आलं, "दाखवा. तेवढ्या पत्र्याचे पैसे मिळणार नाहीत, हप्ता तोच राहील. लपवलेला नंतर सापडला, तर पुढचा कुठलाच क्लेम मिळणार नाही."

पाचला वीस मिनिटं कमी होती. फॉर्मच्या शेवटी एक चौकोन होता, वरील सर्व माहिती खरी आहे असं कबूल करायचा, आणि त्यावर अंगठा माझा पडणार होता. मेसेज काकांना नुसता दाखवता आला असता, पण त्यांचा चष्मा घरात होता. त्यांनी फोन शेजारच्या माणसाला दिला असता आणि त्यानं मेसेज मोठ्यानं वाचला असता.

"झालं का?" काकांनी विचारलं. त्यांचा एक हात मागे, पोच्यावर होता.

काकू दारात येऊन उभी राहिली. तिनं गोधडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि मान वळवली.

मी फोन खाली घेतला.

"काका, बाजूला व्हा," मी म्हणाले, अंगणभर ऐकू जाईल एवढ्या आवाजात. "हौदाचा पोचा फोटोत येऊ द्या. दाखवला तर हप्ता तेवढाच राहतोय, आणि इथं तो सगळ्यांना माहितीये."