धानोऱ्याला सहा मैल धावायला शिकले, तेव्हा

मुलींनाही सहा मैल धावण्याची शर्यत असते, हे आमच्या घरात कुणाला खरं वाटेना. आमच्या घरातली शाळेत गेलेली पहिली मीच. सातवी पास झाले हेच खूप होतं. शर्यत गडचिरोलीच्या मेळाव्यात होती. धानोऱ्याचे गुरुजी पूर्वी पलटणीत होते. ते पंधरा दिवस सराव घेऊन आमच्या भागातून एकाच मुलीला पाठवणार होते. परवानगीच्या कागदावर बाबांनी अंगठा उमटवला आणि म्हणाले, "जाय. पण कुठी पडू नको."

पौषात निघाले. मूल गावाहून मोटार सकाळीच सुटते, बसायला जागा हवी असेल तर लवकर जावं. वैनगंगेवर पूल नाही. डोंग्यातून पलीकडे जायला दोन आणे पडतात. पुढे मोटारीचा भरवसा नाही. मला बांबू पोचवून परतणाऱ्या बैलगाडीत जागा मिळाली आणि धानोऱ्याला पोचायला दीड दिवस लागला. जाणाऱ्यांनी जाड पांघरूण न्यावं. त्या जंगलात ऊन जमिनीपर्यंत यायला दहा वाजतात.

उतरले गुरुजींकडेच. रोज भात आणि लाखोळीची डाळ. गुरुजींच्या बायकोचा आग्रह असा, की धावणं जड जाई.

सरावाला आम्ही दोघीच उरलो. दुसरी सोमी, गावाशेजारच्या गोंड वस्तीतली, माझ्याच वयाची. ती शाळेत कधी गेली नव्हती. डोक्यावर सरपणाचा भारा घेऊन ती पळत येताना गुरुजींनी पाहिली होती. मी कॅनव्हासचे बूट घालून, किती मैल झाले, दम कुठे लागला, सगळं वहीत लिहीत होते. ती अनवाणी यायची आणि पहिल्या मैलातच दिसेनाशी व्हायची. कशी धावतेस, असं एकदा विचारलं, तर म्हणाली, "मले काय ठाव बाई. पाय जाते न मी त्याइच्या मांगं जातो."

गुरुजी हसले, मीही हसले. पण त्या दिवशी मला जेवण गोड लागलं नाही. मग सराव संपवून दोघी चालत परतताना मी मैलाचे दगड तिला ऐकू जातील असे मोठ्याने वाचू लागले. ती थांबून कौतुकाने ऐकायची, तेव्हा जास्तच जळफळाट व्हायचा.

निवडीच्या दिवशी गुरुजींनी नवी वाट घेतली: टेकडीपलीकडच्या पाड्यापासून गावापर्यंत. सोमी अर्थातच पुढे होती. चढावर झाडाखाली वाळक्या डहाळ्यांचा ढीग होता. तिकडचे लोक त्या चढाच्या देवाला एक डहाळी वाहिल्याशिवाय पुढे जात नाहीत. सोमी थांबली, वाकून डहाळ्या शोधू लागली. मी तिच्या शेजारून निघून गेले. मागे वळून पाहिलं नाही, आणि गावात पहिली पोचले. गुरुजींनी माझं नाव लिहिलं.

सोमी आली, तिला धापसुद्धा लागली नव्हती. मला म्हणाली, "तू डहाळी काऊन नाई ठेवली? मी तुही बी ठेवली. नवीन मानूस हायेस, तुले काई होऊ नये."

म्हणजे दुसरी डहाळी शोधण्यात तिचा वेळ गेला होता, माझ्यासाठी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गुरुजींना सगळं सांगितलं. शर्यतीत थांबला तो हरला, असं ते म्हणाले. मी हट्ट धरला, तेव्हा त्यांनी आम्हा दोघींना पुन्हा धावायला लावलं. या वेळी चढावर मीही थांबले, डहाळी ठेवली. गावात पोचले तेव्हा सोमी गुरुजींच्या अंगणात बसून सुपात तांदूळ पाखडत होती.

घरी आल्यावर आमच्या शाळेच्या बाईंनी माझ्या प्रामाणिकपणाचं चार जणींत कौतुक केलं. मी मान खाली घालून ऐकलं. मन मोठं असतं तर निवडीच्या दिवशीच बोलले असते. बोलले ते एवढ्यासाठी, की तिच्या उपकारावर मिळालेलं नाव मला सहन होईना.

फाल्गुनात गुरुजींचा निरोप आला, की गडचिरोलीत सोमी तिसरी आली. ऐकल्याबरोबर मला बरं वाटलं. पहिली आली नाही म्हणून. हे लिहिलं नाही, तर वाचणारा मला चांगली समजेल.