दोष टूलचा

मुलांनो, हॅम्बर्गला आमच्या शेजारी पुण्याचा एक इंजिनिअर राहतो. घरचं इंटरनेट बंद पडलं की तो आमच्या जेवणाच्या टेबलावर कामाला बसतो. त्याच्या कंपनीचं वेब ॲप्लिकेशन सारखं कोसळतं. त्याच्या मते सोमवारी दोष डेटाबेसचा असतो, बुधवारी ब्राउझरचा; या सगळ्यांना तो ‘टूल’ म्हणतो.

“परत टूलच का रे?” मी विचारते.

“गेनाऊ, अगदी बरोबर, काकू! टूलच भिकार आहे.”

परवा ॲप पुन्हा कोसळलं. तपासून तो हळूच म्हणाला, “नवीन आलेल्या बाईंनी चुकीची फाइल टाकलीये, काकू.” त्या बाईंची प्रोबेत्साइट, म्हणजे नोकरी पक्की होण्याआधीचे महिने, संपायला आठवडाच उरला होता.

एवढ्यात बॉसचा फोन आला. चूक कोणाची, असं त्यांनी इंग्रजीत विचारलं.

“टूलची,” तो म्हणाला.

बॉसना शंकाही आली नाही. तो एरवीही तेच सांगतो.